टाकी फुल केली की जीप बंद

“टाकी फुल केली का जास्त तरास देते पाहा, मिस्त्री.”

जीपवाल्या काकांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं आणि बाजूला ठेवलं. टाकीत डिझेल कमी झालं की गाडी त्रास देते, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. भरल्यावर त्रास देते, हे कधी पाहिलं नव्हतं. मालक असं काही बोलला की आपण मनात म्हणतो, याचा अंदाज चुकला असेल. इथे चुकला तो माझा. त्या एका वाक्यात अख्खं निदान होतं आणि ते माझ्या डोक्यात उतरायला नऊ दिवस लागले. जुन्या डिझेल गाड्यांवर काम करणाऱ्या पोरांना उपयोगी पडावं म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितो, माझ्या चुकीसकट.

माझं गॅरेज पांढरकवड्याहून घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. ट्रॅक्टर, जुन्या जीपा, थोडे पिकअप, असंच काम येतं. काकांची गाडी म्हणजे पंचवीसेक वर्षांची महिंद्राची कमांडर जीप. चार सिलेंडरचं डीआय (सिलेंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं) इंजिन आणि त्याला दाबाने डिझेल देणारा मायकोचा इनलाइन पंप. (मायको ही बंगळुरूची कंपनी, १९५१ सालची. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण आमच्याकडे पंप अजून मायकोचाच.) मूळ टाकी सडल्यावर काकांनी काही वर्षांपूर्वी पत्र्याची ६० लिटरची टाकी बनवून घेतली आणि मागे चासिसखाली टांगली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दिवाळीनंतर ही जीप कापूस वेचणीच्या बाया नेते. पहाटे साडेपाचला गावातून निघायचं, पंधरा-अठरा किलोमीटरवरच्या वावरात सव्वासहापर्यंत पोचायचं. वेचणीची मजुरी किलोवर असते. गाडी रस्त्यात तासभर उभी राहिली की तेवढा कापूस झाडावरच राहतो आणि तेवढे पैसे बाईच्या हातून जातात. शिवाय रस्त्याचा एक तुकडा टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूने जातो. तिथे वाघ आहेत. पहाटेच्या अंधारात बायांना खाली उतरवून धक्का मारायला लावणं कोणालाही नको वाटतं. काकांना झोप येत नव्हती ती यामुळे.

तक्रार अशी होती. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) हँड पंप, म्हणजे त्यावरचं हाताने मारायचं हँडल, तीस-चाळीस वेळा मारावा लागतो. चालू झाली की आठ-दहा किलोमीटर छान पळते. मग चढ लागला की दम टाकते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग येत नाही, आचके खाते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबून, पुन्हा हँड पंप मारून चालू केली की वावरापर्यंत जाते. संध्याकाळी परतताना बहुतेक वेळा काहीच होत नाही.

“सकायीच नखरे करते, दुपारून मस्त पयते,” काकांचा मुलगा म्हणाला. गाडी तोच चालवतो.

माझ्याकडे येण्याआधी यावर बराच खर्च झाला होता. दोन्ही फिल्टर दोनदा बदलले होते. फीड पंपाचे वॉल्व्ह बदलले होते. सकाळी सुरू व्हायला त्रास म्हणजे नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड), असं म्हणून चारही नोझल उघडून प्रेशर सेट केलं होतं. शेवटी एका मोठ्या गावच्या वर्कशॉपमध्ये पंप काढून कॅलिब्रेशनला (तो किती डिझेल देतो ते मोजून जुळवायला) दिला होता. तिथे पंप चांगला निघाला, थोडं जुळवून परत दिला, पैसे घेतले. पंपाच्या टेस्ट बेंचला स्वतःची टाकी असते. गाडीची टाकी, गाडीचे पाइप, गाडीचं झाकण बेंचला कधी दिसत नाहीत. पंप उतरवण्याआधी पंपापर्यंत डिझेल नीट पोचतंय का हे पाहिलं असतं तर तो खर्च झालाच नसता.

मी मुलाला पहिला प्रश्न विचारला तो धुराचा. “बंद पडायच्या आधी धूर कसा येतो?”

“धूरच नाही येत, भाऊ. नुस्ती मरते.”

हे उत्तर फार मोलाचं होतं. गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते, तेव्हा डिझेल आहे पण ते नीट जळत नाही: एअर फिल्टर चोंदलेला, नोझल ठिबकणारे, पंप जास्त डिझेल देणारा. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तेव्हा सिलेंडरमध्ये डिझेलच कमी पोचतंय. नोझल खराब असता तर आवाज बदलला असता, धूर दिसला असता आणि तो दुपारीही दिसला असता. नोझलला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. तेव्हा दोष डिझेलच्या वाटेत आहे, एवढं दहा मिनिटांत ठरलं.

काकांना पेट्रोल पंपावरच्या डिझेलचा संशय होता. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं डिझेल काढून रात्रभर ठेवलं. पाणी असलं तर खाली वेगळा थर दिसतो. अगदी थोडा गाळ बसला, पाणी नाही. तो संशय मिटला.

आता डिझेलची वाट. टाकीतून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं आणि फीड पंपाच्या पुढे ढकललं जातं. गॅरेजमधल्या पोरांना मी हे रोज सांगतो, कारण निम्मे निकाल यावरच लागतात. ढकलणाऱ्या बाजूला भेग पडली तर डिझेल बाहेर येतं. पाइप ओला दिसतो, त्यावर धूळ चिकटते, खाली थेंब पडतात. ओढणाऱ्या बाजूला भेग पडली तर बाहेर काहीच येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. मालक शपथेवर सांगतो की कुठेही गळत नाही, आणि तो खोटं बोलत नसतो.

हँड पंप मारावा लागतो म्हणजे रात्रीतून पाइपातलं डिझेल उतरून मागे टाकीत जातं आणि त्या जागी हवा येते. हवा कुठून तरी येते आहे. ही माझी पहिली शंका, आणि ती खरी होती. पण ती अर्धीच होती.

मी डब्याची परीक्षा घेतली. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात डिझेल, नवी नळी थेट फीड पंपाला. रिटर्नचा पाइपही (न वापरलेलं डिझेल परत आणणारा) त्याच डब्यात सोडला. इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात: डबा बॉनेटवर टांगतात. वरून डिझेल आपसूक उतरतं, मग कमजोर फीड पंपही पास होतो आणि आपण फसतो. डबा टाकीच्याच उंचीला ठेवावा, म्हणजे फीड पंपाला खरंच ओढावं लागतं. मी तो मागच्या बाजूला खाली पक्का बांधला, तोंडाला चिंधी लावली आणि गाडीत पाण्याचे दोन कॅन अन् चार माणसं घेऊन वीस किलोमीटर चाललो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी ओढत होती की काकांचा मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला.

म्हणजे पंप, नोझल, फिल्टर, फीड पंप, चौघंही निर्दोष. दोष फीड पंपाच्या मागे, टाकीपर्यंतच्या वाटेत.

मग फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि गाडी पुन्हा स्वतःच्या टाकीवर चालू केली. इंजिन हळू असताना डिझेल साफ. रेस केली की बारीक बुडबुडे, मोहरीएवढे, एकामागून एक. चासिसच्या बाजूने जाणारी रबरी नळी हाताने चाचपत गेलो. टाकीजवळच्या क्लिपखाली ती वाकवली तर खालच्या अंगाला नखभर भेग उघडली. वरून दिसत नव्हती. क्लिप कोणीतरी जीव लावून आवळली होती आणि तिची धार रबरात रुतली होती.

नवीन डिझेल रबर खातं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दहा भाग) असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही घटकही कमी होतात. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगलेले नायट्राइल रबराचे सील नव्या डिझेलमध्ये आकसू शकतात आणि मग झिरपतात. त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण या नळीचा त्यात संबंध नव्हता. ती वयाने आणि त्या आवळलेल्या क्लिपने गेली होती. कारण खरं असलं तरी ते या गाडीचं कारण आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

टाकी अर्धी रिकामी करून आतली जाळीही पाहिली, थोडा काळा चिकटा होता, धुतला. नवी डिझेलची नळी, नव्या क्लिपा, तांब्याचे नवे वायसर. पारदर्शक नळीत आता एकही बुडबुडा नाही. दुपारी दोन वाजता मी स्वतः पंधरा किलोमीटर चालवून आणली. काहीच झालं नाही. काकांकडून नळीचे आणि मजुरीचे पैसे घेतले आणि गाडी दिली.

चूक इथे झाली. गाडी सकाळी बंद पडत होती, मी दुपारी चालवली. टाकी फुल असताना बंद पडत होती, मी अर्ध्या टाकीवर चालवली. काकांनी दोन्ही गोष्टी तोंडाने सांगितल्या होत्या.

तीन दिवसांनी सकाळी सहाला मुलाचा फोन आला. “भाऊ, आता तं आणखीनच बिघडली. सकायी एका चावीत चालू झाली, हँड पंप नाई मारला. पन सातव्या किलोमीटरवर मेली. अर्ध्या तासापासून उभी हाय, चालूच होऊन नाई रायली. बाया रस्त्यात बसून हायेत.”

मी कपडे घालतच विचारलं, “हँड पंप मारला का?”

“मारून रायलो ना. वर ओढला का आपल्याच मनानं खाली जाते. डिझेल येतच नाई.”

मी निघालो. वाटेत पोचायच्या आधीच त्याचा दुसरा फोन आला. “राहू द्या भाऊ, झाली चालू. डिझेल हाय का नाई म्हून झाकन उघडून काडी घालून पाह्यलं, मंग सेल्फ मारला तं चालू झाली.”

मी मोटरसायकल बाजूला घेतली. “झाकण उघडलं तेव्हा आवाज आला का?”

“आला ना, सुस्स करून. लंबा आला. तसा तं रोजच येते थोडासाक.”

तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून मला पहिल्या दिवसाचं वाक्य आठवलं.

टाकीतून डिझेल काढायचं तर त्या जागी हवा आत आली पाहिजे. म्हणून डिझेल गाडीच्या टाकीला श्वास घ्यायला वाट ठेवलेली असते, कधी झाकणात बारीक भोक, कधी वेगळी नळी. काकांच्या बनवलेल्या टाकीला वेगळी नळी नव्हतीच. बनवणाऱ्याने झाकणातल्या भोकावर भागवलं होतं. डिझेल चोरी व्हायला लागली म्हणून मुलाने चावीचं झाकण घेतलं. खडबडीत रस्त्यावर त्यातून डिझेल उसळून बाहेर यायचं आणि पावसाचं पाणी आत जाईल ही भीती होतीच, म्हणून काकांनी आषाढात सायकलच्या ट्यूबचा गोल वायसर कापून झाकणात बसवला. तो इतका चपखल बसला की भोकही झाकलं गेलं. ही दुरुस्ती आहे असं काकांच्या मनातही नव्हतं. गाडीला शेवटचं काय काम केलं, हे मी विचारलं होतं. त्यांनी नोझल आणि पंप सांगितला. वायसर कोण सांगेल?

आणि आषाढात बसवलेल्या वायसरने त्रास दिवाळीनंतरच का दिला? कारण पावसाळ्यात ते दहा-पंधरा लिटर डिझेल टाकून फिरायचे. वेचणी सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी टाकी तोंडापर्यंत भरू लागले. आणि रात्री थंड होऊ लागल्या.

हा हिशेब मी त्या दिवशी वहीत मांडला, तो इथे देतो, कारण त्याशिवाय भरलेल्या टाकीचं कोडं उलगडत नाही.

६० लिटरच्या टाकीत ५५ लिटर डिझेल, म्हणजे वर ५ लिटर हवा. झाकण घट्ट. संध्याकाळी सगळं २८ अंशांवर, पहाटे १६ अंशांवर. डिझेल दर अंशाला साधारण ०.०८ टक्के आकसतं. १२ अंशांत ५५ लिटरचं अर्धा लिटरहून थोडं जास्त कमी होतं. वरची हवाही थंड होऊन तिचा दाब सुमारे ४ टक्के उतरतो. म्हणजे गाडी जागची हलण्याआधीच टाकीत ओढ तयार. मग भरलेली जीप नऊ-एक किलोमीटरमध्ये एक लिटर खाते. रिटर्नचं डिझेल परत येतं, पण ते आधी टाकीतूनच गेलेलं असतं, त्याने काही भरून निघत नाही. ५ लिटरमध्ये मावणारी हवा आता साडेसहा लिटरच्या जागेत पसरली. टाकीतला दाब जवळजवळ २७ टक्के उतरला. हा फरक डिझेलच्या तीन मीटरहून उंच स्तंभाएवढा होतो. टाकी तीन मीटर खोल विहिरीत ठेवून फीड पंपाला तिथून ओढायला लावल्यासारखं ते आहे.

तीच टाकी अर्धी असेल तर वर ३० लिटर हवा. त्यात एक लिटरची जागा वाढली तर काय फरक पडतो? रात्रीचा गारवा धरूनही ७-८ टक्के. फीड पंप ते सहज झेलतो. दुपारी तर ऊन टाकी तापवतं, डिझेल फुगतं, ओढ आणखी कमी होते. डिझेल जितकं जास्त, हवा जितकी कमी, तितका गळा लवकर आवळला जातो. काका बरोबर होते.

आता भेगेचं. जुनी नळी फाटलेली होती तेव्हा टाकीत ओढ वाढली की भेगेतून हवा शिरायची, बुडबुडे पंपात जायचे, गाडी बंद पडायची. पण गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा पाइपाने मागे टाकीत जायची आणि टाकी मोकळी व्हायची. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी हँड पंप मारला की गाडी चालू व्हायची. रात्रीही तसंच: टाकी गार होताना भेगेतून हवा खेचून घ्यायची आणि सकाळी पाइप कोरडा. ती भेग म्हणजे टाकीची श्वास घ्यायची चोरवाट झाली होती. मी नवी नळी टाकून ती बंद केली. बुडबुडे गेले, सकाळी एका चावीत चालू होऊ लागली आणि रस्त्यात मात्र लवकर मरू लागली, कारण आता टाकीला हवा मिळायला कुठलीच वाट उरली नव्हती. हँड पंपाचं हँडल आपसूक खाली जात होतं ते याच ओढीने.

डब्याच्या परीक्षेत मी काय केलं होतं, तेही तेव्हा लक्षात आलं. डब्याचं तोंड उघडं होतं, वर नुसती चिंधी. एकाच वेळी मी टाकी बदलली होती, नळी बदलली होती आणि झाकणही बदललं होतं. गाडी सुधारली तेव्हा मी नळीला श्रेय दिलं आणि उरलेल्या दोन गोष्टींकडे पाहिलं नाही. भेग सापडल्यावर तर शोधच थांबला. खरा दोष सापडला की हात थांबतो. तो एकटाच दोष आहे का, हे विचारायचं राहून जातं.

तरी अंदाजावर पुन्हा गाडी द्यायची नव्हती. काकांना म्हटलं, दोन रात्री गाडी माझ्याकडे ठेवा, बाया न्यायला मी शेजारच्या ओळखीच्या जीपवाल्याला सांगतो. फीड पंपाच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारं मीटर, लावलं, पाऱ्याचे ० ते ३० इंच दाखवणारं, आणि काटा दिसावा म्हणून नळी लांबवून केबिनमध्ये आणलं. संध्याकाळी टाकी तोंडापर्यंत भरली, वायसरसकट झाकण लावलं, गाडी उघड्यावर ठेवली.

पहाटे इंजिन चालू करण्याआधी काटा २ इंचांच्या वर होता. रस्त्याला लागल्यावर तो दर किलोमीटरला दिसेल असा सरकत गेला. आठव्या किलोमीटरच्या चढावर ७ इंचांवर गाडीने दम टाकला, थोड्या वेळात बंद. हिशेबाने (३० इंचांचे २७ टक्के) आठच्या जवळ यायला हवा होता. टाकीचा पत्रा आत दबला होता, त्याने थोडी जागा भरून काढली. (काकूंनी नंतर सांगितलं, “रात्री अंगनात डबा दाबल्यावानी टप्प आवाज येते. मले वाटे मांजर.” तो या पत्र्याचा आवाज.) मी खाली उतरून झाकणाची चावी फिरवली. सुस्कारा संपेपर्यंत काटा एका इंचाच्या आत आला. सेल्फ मारला, गाडी चालू.

दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त वायसर काढलेला. पहाटे काटा शून्याला, त्याच चढावर दीड इंच, वीस किलोमीटर झाले तरी दीडच. मग थांबून वायसर परत घातला आणि पुढे निघालो. काटा पुन्हा चढू लागला. दोष हाताने काढता आला आणि हाताने परत आणता आला, तेव्हाच माझं समाधान झालं. नळीच्या वेळी मी एवढं केलं नव्हतं.

उपाय म्हणून नुसता वायसर काढून टाकणं मला पटलं नाही. डिझेल उसळणं, पाणी जाणं, चोरी, काकांच्या तिन्ही अडचणी खऱ्या होत्या. टाकीला वेल्डिंग करायचं नाही हे मी पक्कं ठरवलेलं आहे. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यातल्या वाफेने माणसं मेली आहेत. टाकीवर डिझेलच्या काट्याच्या फ्लोटची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. ती उघडून टेबलावर आणली, तिला भोक पाडून तिथेच निप्पल (नळी जोडायचं तोंड) ब्रेझिंगने (पितळ वितळवून) बसवलं, नवं पॅकिंग घालून पट्टी परत लावली. निप्पलवरून नळी चासिसच्या वर, नाल्याच्या पाण्याला कधी पोचणार नाही इतकी उंच नेली, वरून वळवून तोंड खाली केलं आणि तोंडाला धूळ अडवायला जाळी.

काका वायसर काढून फेकायला निघाले होते. मीच परत बसवायला सांगितला. आता हवेची वाट वेगळी आहे, झाकण जितकं घट्ट तितकं चांगलं.

“पन यातून पानी तं नाई जाईन ना?” त्यांनी नळीच्या तोंडाकडे पाहत विचारलं.

बादलीभर पाणी वरून ओतून दाखवलं. मग ते गाडीत बसले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी चांगलीच वाढल्यावर मी एका पहाटे गेज घेऊन पुन्हा त्यांच्यासोबत गेलो. टाकी तोंडापर्यंत भरलेली, मागे अकरा बाया, त्याच चढावर काटा दीड इंचावर. सहा वाजून दहा मिनिटांनी बाया वावरात उतरल्या. दव अजून बोंडांवर होतं.